बाबांचा विलायती लेथ

आमच्या उचगावच्या शेडमधला लोखंड कातायचा लेथ विलायती आहे, हे मला अक्षरओळख होण्याआधीपासून ठाऊक होतं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगायचे. मी तर त्यांच्यावर ताण. शाळेत, सासरी, संधी मिळेल तिथे मिरवून घ्यायची. बाबा गेल्यावर लेथ माझ्या वाट्याला आला. दादा म्हणाला, मोडीत घाल, नुसती जागा अडवून बसलाय. मला असा राग आला! पण तोल सांभाळून म्हटलं, आधी जाणत्या माणसाला दाखवते. तो निकामी म्हणाला, तर खुशाल मोडीत देऊ.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत हयात घालवलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी कंपनीची पाटी कुठे आहे ते विचारलं. पाटी दिसणार कशी? दरवर्षी खंडेनवमीच्या आधी आम्ही लेथला हिरव्या ऑइलपेंटचा हात मारायचो, तोही जुना रंग न काढता. देवाला शेंदूर चढावा तसे थरावर थर बसले होते. दोघं तासभर खरवडत बसलो. खाली पाटी नव्हतीच, पाटीच्या स्क्रूची भोकंही नव्हती. मिस्त्रींनी लेथच्या ओतीव बिडाच्या अंगावरून हात फिरवला आणि तोंडावर सांगून टाकलं, की ही विलायती मशीनची नक्कल आहे, ओतकाम आपल्या कोल्हापुरातलंच.

माझा चेहरा खर्रकन उतरला. आजवर मारलेल्या बढाया आठवून लाज वाटली आणि बाबांचा रागही आला.

मिस्त्रींना त्याचं काही नव्हतं. त्यांनी चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, सळई धरली, बारीक कट घेतला आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावला. जाडीतला फरक केसभर. चकाजवळ बेड, म्हणजे खालचा लांब रूळ, जरा झिजलाय, पण अजून भरपूर काम देईल, म्हणाले. मग बेडचं पार पलीकडचं टोक फडक्यानं पुसलं आणि चष्मा लावून वाकले. तिथे बेड सपाट करायला हातानं स्क्रेपर मारल्याच्या बारीक खुणा होत्या, सगळ्या नेहमीच्या उलट बाजूला कललेल्या.

"ताई, वडील डावखुरं हुतं का तुमचं?"

मी हो म्हटलं. जेवण सोडलं तर बाबांचं सगळं डाव्या हातानं चालायचं.

"मग ह्यो लेथ त्यांनीच बांधलाय की. ह्या टोकाला हत्याराची कॅरेज कधी येतच न्हाय, झीज न्हाय, म्हंजे ह्या खुणा पयल्या दिवसाच्या हायत. पर त्या टायमाला घरी बांधलेला लेथ म्हटल्यावर काम कोण देणार? म्हणून विलायती म्हणत असत्याल."

माझा ऊर भरून आला. चार कामं मिळावीत म्हणून या माणसानं स्वतःची करामत परक्याच्या नावावर खपवली होती, आणि घरातही कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

मी तिथूनच दादाला फोन लावला. त्यानं विचारलं, कंपनी कुठली निघाली?

"बाबांची," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

 दादा म्हणाला, "रविवारी येतोय मी. तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस."