हल्ली मुक्काम उज्जैन

आम्ही पागनीस मूळचे पसरणीचे. तालुका वाई, जिल्हा सातारा. आमच्या घरात मूल बोलायला लागलं की आधी हे पाठ करून घेतात आणि मग रामरक्षा. पसरणी हे गाव आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नाही. आमच्या वडिलांनी, अण्णांनी नाही, अण्णांच्या आजोबांनीही नाही. शिंदे सरकारच्या पागेचं दफ्तर लिहायला आमचा कोणी पूर्वज उज्जैनला आला, त्याला एकशे ऐंशी वर्षं झाली. तरी घरात मुंज निघो की लग्न, पत्रिकेवर छापायचं ते ठरलेलं: 'मूळचे पसरणी, हल्ली मुक्काम उज्जैन.' सहा पिढ्या गेल्या, हे हल्ली काही संपत नाही.

पूर्वी मला याचं हसू यायचं. आता येत नाही. माझ्या धाकट्या बहिणीची, जयूची वाट या एका ओळीनं अडवली आणि ती ओळ तिच्या अर्जावर मी लिहिली. मी, श्रीकांत पागनीस, तहसील कचेरीतला कारकून. लोकांचे रहिवासी दाखले लिहिणं हेच माझं रोजचं काम.

जयू बी. ए. झाली आणि भैरवगढला जायला लागली. तिथं छिप्यांची वस्ती आहे, कापडावर ठसे मारणारे आणि रंग देणारे लोक. दुपारी त्यांच्या बायका जरा मोकळ्या असत, तेव्हा जयू त्यांना लिहा-वाचायला शिकवायची. जायची सायकलवर. पागनीसांची मुलगी सायकलवर बसते, हा विषय आमच्या गल्लीला दोन महिने पुरला. पुढं सगळ्यांना सवय झाली आणि अण्णाही "जरा जपून जा" एवढंच म्हणायला लागले.

पंचावन्नच्या हिवाळ्यात त्या वर्गातली झुबैदा नावाची पोरगी अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्या दारात आली. नवऱ्यानं घराबाहेर काढलं होतं, माहेरचे घेत नव्हते. जयूला काय करायचं ते कळेना. तिनं तिला आत घेतलं, जेवायला वाढलं, अंथरूण घातलं. सकाळी अण्णा म्हणाले, "एक रात ठीक होती. आता हिला हिच्या लोकांत पोचव." जयूनं तिची समजूत घातली आणि तिला सासरी नेऊन सोडलं. नवऱ्यानं हो-हो म्हणून ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी झुबैदा क्षिप्रेत सापडली.

जयू आठ दिवस भैरवगढला गेली नाही. मग एक दिवस मला म्हणाली, "दादा, मी तिला स्वतःच्या हातानं परत नेऊन दिलं. कुणाला विचारायचं, कुठं ठेवायचं, पोलिसात काय सांगायचं, मला काही म्हणजे काही येत नव्हतं. नुसती माया कामाची नाही रे. हे शिकावं लागतं."

हे शिकवतात, तेही पदवीनंतर दोन वर्षं, हे तिनं कुठून शोधून काढलं कोण जाणे. मुंबईच्या एका संस्थेचं माहितीपत्रक तिनं मागवलं. घरात त्याची भरपूर थट्टा झाली. आई म्हणाली, "सेवेची पण डिग्री असते? मग माझी तर तीनदा झाली असती." अण्णा हसले नाहीत, पण नकोही म्हणाले नाहीत. अट एकच. मध्यभारत सरकार दर साली एका विद्यार्थ्याला त्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देत असे. ती मिळाली तर जा, नाहीतर विषय बंद. वयाची मर्यादा पंचवीस होती, आणि जयूला चोविसावं संपत आलं होतं. म्हणजे ही एकच संधी.

संस्थेच्या अर्जासोबत एक यादी आली होती. शिकताना प्रत्यक्ष काम कुठं करायला आवडेल, तीन जागा क्रमानं लिहा. दवाखाना, गिरणी कामगारांची वस्ती, बालगृह, निराश्रित स्त्रियांचं गृह, असं बरंच काही. आमच्याकडे त्यावर जेवणं लांबली. अण्णांचा आग्रह बालगृहाचा. "लेकरांत रहा. चार लोकांत सांगता येतं." आईचं मत दवाखाना, कारण तिथं डॉक्टर असतात. आईच्या मनात काय होतं ते सांगायला नको. जयूनं ऐकून घेतलं आणि पहिल्या जागी स्त्रियांचं गृह लिहिलं. दुसऱ्या जागीही तेच लिहायला निघाली होती, मी थांबवलं. तेवढाच माझा उपयोग.

तो अर्ज तिनंच पाठवला, शिष्यवृत्तीचा मात्र माझ्याकडे दिला. "तुझं अक्षर छान आहे, आणि तुझा तर धंदाच आहे." मी एप्रिलातल्या एका रविवारी तो ऐटीत भरला. 'मूळ निवास' असा रकाना आला. माझा हात थांबलाही नाही. पसरणी, तालुका वाई, जिल्हा सातारा. हल्ली मुक्काम उज्जैन. जयूनं न वाचता सही केली, कारण दादानं भरला होता.

मुंबईच्या संस्थेनं तिला घेतलं. पत्र आलं त्या दिवशी ती भैरवगढला जाऊन सगळ्यांना सांगून आली आणि हमीदा बी नावाच्या म्हातारीनं तिच्यासाठी लाल ठशांची एक ओढणी छापायला घेतली. आमच्याकडे आईनं ट्रंक उन्हात ठेवली.

एकवीस जूनला, गुरुवारी, शिष्यवृत्तीचं पत्र आलं. अर्जदार मध्यभारताची मूळ निवासी नसल्यानं अर्ज विचारात घेता येत नाही. हरकत असल्यास सोमवार, पंचवीस तारखेपर्यंत पुराव्यासह कळवावं.

मी ते तीनदा वाचलं. पहिल्या वेळेलाच कळलं होतं, पण डोळे पुनःपुन्हा वर जात होते. जयूनं माझ्या हातातून कागद घेतला, वाचला आणि विचारलं, "दादा, तू पसरणी लिहिलंस?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मी पण तेच लिहिलं असतं." त्या वेळी तिनं मला दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

अण्णांना मात्र यात काही अवघड वाटेना. त्यांनी पेटीतून शिंदे सरकारच्या सनदा काढल्या. "दाखव जाऊन. आपण इथले नाही म्हणतो म्हणजे काय!" शुक्रवारी जयू आणि मी इंदूरला गेलो. उन्हाळ्यात सरकार ग्वाल्हेरहून इंदूरला येत असे, म्हणून कचेरी तिथं. साहेब भला माणूस होता. त्यानं सनदा उलटसुलट करून पाहिल्या.

"ये कौन सी लिपि है?"

"मोडी," मी म्हणालो.

"इसे पढ़ेगा कौन? और ये 'हल्ली मुक्काम' क्या है?"

"म्हणजे, आजकल यहाँ रहते हैं।"

"कब से?"

"एक सौ अस्सी साल से।"

साहेब हसला. जयूही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. साहेबानं पाणी मागवलं आणि उपाय सांगितला. वडिलांनी दंडाधिकाऱ्यासमोर शपथपत्र करायचं: आमचं कायमचं घर उज्जैन, सातारा जिल्ह्यातल्या गावाशी आमचा कोणताही संबंध नाही. सोमवारी पाचच्या आत आणा. "उसके बाद मेरे हाथ में कुछ नहीं। नवंबर में तो ये राज ही नहीं रहेगा, फाइलें बँध रही हैं।"

घरी येऊन मी मजकूर वाचून दाखवला. अण्णा ऐकत होते. 'कोणताही संबंध नाही' या शब्दांशी त्यांनी हात वर केला.

"हे मी लिहून देणार नाही."

"अण्णा, नुसता कागद आहे," मी म्हणालो.

"कागद आहे म्हणूनच. आपण दफ्तरातली माणसं. कागदावर संबंध नाही लिहिलं की नाही. तिथं आपलं कुलदैवत आहे. मी मेल्यावर तुम्ही काय सांगाल, आम्ही कोण?"

मी शब्द बदलून पाहिले. 'विशेष संबंध नाही' केलं, 'सांप्रत संबंध नाही' केलं. अण्णांनी दोन्ही खोडली, आणि वर सांगितलं की साहेब असला मजकूर फेकून देईल. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. शनिवार असाच गेला. रविवारी ते सकाळीच राम घाटावर जाऊन बसले, दुपारी जेवायला आले नाहीत. जयू तिथं गेली. मी पायऱ्यांवर मागं उभा होतो. भर लोकांत, यात्रेकरूंच्या गर्दीत, तिनं अण्णांचे पाय धरले.

"अण्णा, मी कुठं पसरणी सोडते आहे? तुम्ही पसरणी पाहिली आहे का? मी झुबैदाला पाहिलं आहे. इथंच, ह्या पाण्यात."

अण्णांनी पाय सोडवून घेतले आणि नदीकडे पाहत राहिले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी घरी निघून गेलो. तिला तिथं एकटं सोडून गेलो, हेही लिहायला हवं.

सोमवारी बारा वाजता अण्णा पगडी घालून बाहेर आले. पगडी ते सणालाच घालत. "चल," एवढंच म्हणाले. दंडाधिकाऱ्याच्या कचेरीत आमच्यापुढं सात जण होते. अण्णांचा नंबर आला तेव्हा अडीच वाजले होते. त्यांनी सही केली. आयुष्यभर वळणदार सही करणारा माणूस, त्या दिवशी शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं. बाहेर येऊन ते भिंतीला टेकून रडले. मी कागद घेऊन स्टँडकडे धावलो.

बस देवासच्या फाट्यावर पाऊण तास थांबली. कशासाठी ते कुणी सांगेना. मी खाली उतरून ड्रायव्हरला हात जोडले, शिव्या दिल्या, पुन्हा हात जोडले. इंदूरला कचेरीत पोचलो तेव्हा चपराशी दाराला कुलूप लावत होता. मंगळवारी साहेबानं शपथपत्र पूर्ण वाचलं. "एकदम दुरुस्त है," तो म्हणाला. "पर नाम तो कल शाम को चला गया।" देवासच्या एका मुलाचं नाव गेलं होतं. त्याचा मूळ निवास देवास होता.

मी घरी आलो तेव्हा जयू ट्रंकेतले कपडे परत कपाटात लावत होती. कुणी सांगायच्या आधीच तिनं लावायला घेतले होते.

नोव्हेंबरात मध्यभारत गेला, मध्य प्रदेश आला. नवे नियम यायला वर्ष लागलं. तोवर जयूचं पंचविसावं उलटून गेलं होतं. अण्णा त्यानंतर फार बोलत नसत. जयू भैरवगढला जात राहिली. दोन खोल्या मिळवून तिनं बायकांसाठी निवारा काढला. पोलिसात काय बोलायचं, वकील कुठला धरायचा, हे ती धक्के खात शिकली. शिकता शिकता चुकलीही. एका चुकीनं एक बाई गेली, त्याबद्दल ती बोलत नाही.

एकोणसाठ साली बाहेरगावच्या एका समाजकार्य शाळेनं पत्र लिहिलं. आमची विद्यार्थिनी चार महिने तुमच्याकडे प्रत्यक्ष कामाला पाठवू का? प्रतिभा नावाची हसरी मुलगी आली. जयू तिला घेऊन दारोदार हिंडायची, संध्याकाळी दोघी आमच्या ओसरीवर वह्या पसरून बसायच्या. जयूला इतकं बोलताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, चला, काहीतरी भरून निघालं.

प्रतिभा गेल्यावर महिनाभरानं तिचं पत्र आलं. मार्गदर्शकाजवळ या विषयाची पदवी नसल्यानं तिचे चार महिने धरले गेले नाहीत. नियमच तसा होता. पुढच्या साली पुन्हा करावे लागणार होते, आणि तिचे वडील आता थांबायला तयार नव्हते. लग्न ठरवत होते. 'ताई, तुम्ही आधी सांगितलं का नाही?' एवढंच शेवटी लिहिलं होतं.

"त्यांनी विचारलं नव्हतं का?" मी म्हणालो.

"विचारलं होतं," जयू म्हणाली. "मी तेवढं सोडून बाकी सगळ्याची उत्तरं लिहिली. 'पदवी नाही' असं लिहिलं असतं तर ती आलीच नसती. मला वाटलं, कोण बघतंय. चार महिने मला वाटलं की मी शिकून आले आहे."

ती बराच वेळ पत्राच्या घड्या घालत बसली. छप्पन सालाविषयी आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. तीन वर्षांत एकदाही नाही.

"दादा," ती म्हणाली, "त्या वेळी तुला कसं झालं होतं? खरं सांग. मला आता ठाऊक पाहिजे."

मी सांगितलं. रोज कचेरीत दाखला लिहिला की तो एक रकाना मी कसा तीन-तीनदा वाचतो, तेही सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"आणि पुढं ते कमी होतं का?"

"नाही," मी म्हणालो.