अवसेपर्यंतची मुदत

धोंडाबाईचा राग मळवलीच्या आसपासच्या चार वाड्यांना ठाऊक होता. पण त्या सकाळी ती जशी तापली, तशी नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढलं तेव्हासुद्धा तापली नव्हती.

झालं असं, की चुलीपुढं बसून तिची आई शालूबाई अगदी थंडपणानं म्हणाली, "पोरीला डाग देऊ. विळा तापवायचा, बेंबीखाली टेकवायचा. भ्या बसलं की मूत थांबतंय."

पोरगी म्हणजे अंबू, धोंडाबाईच्या भावाची, हौशीरामाची लेक. आठ वर्षांची, दुसरीतली. आई बाळंतपणाला टाकव्याला माहेरी गेली आणि तेव्हापासून अंबूचा परकर ओला व्हायला लागला. रात्री नाही, भर दिवसा, शाळेत, मांडीवर पाटी असताना. पोरं तिला गळकी घागर म्हणायची.

"अक्का, तुलाबी दिलाच हुता की डाग," हौशीराम म्हणाला. "थांबलंच न्हवं?"

धोंडाबाईच्या हातातली भाकरी परातीत आपटली.

"कुणी सांगितलं थांबलं? अंधारात उठून वढ्यावर कापडं धुवायला शिकले, येवढंच! लगीन होईस्तवर धूत हुते. आय, तू दिलेला डाग अजून पोटावर हाये, पर त्यानं कायबी थांबलं न्हाई!"

शालूबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "मग तूच बघ तुझं वैदूपण. अवसेपर्यंत. न्हाई थांबलं, तर विळा हायेच."

दिव्यांची अवस सोळा दिवसांवर होती.

धोंडाबाईनं पोरीवर नजर ठेवली, आणि पहिल्यांदा काय दिसलं, तर घरानं तिचं पाणीच तोडलेलं. पाणी नाही तर मूत कुठून येईल, हा शालूबाईचा हिशेब. सकाळपासून पोरीला घोट मिळायचा नाही. त्यानं लघवी हळदीसारखी पिवळी झालेली, जळजळायची, म्हणून अंबू आणखीच दाबून धरायची. धोंडाबाईनं तांब्या भरून तिच्यापुढं ठेवला आणि ती पिईपर्यंत आईकडं अशी बघत राहिली, की शालूबाईनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी भाताची लावणी तशीच टाकून ती शाळेत गेली. पोरगे हवं तेव्हा ओढ्याकडं पळत होते. शाळेत मुली तीनच. त्यांना ना आडोसा, ना सुट्टी. बोट वर केलं की मास्तर म्हणायचे "बस खाली", आणि वर्ग हसायचा. मग बोट वर करतंय कोण? अंबू पायाला पाय घालून बसायची. दाबून दाबून तिला लागलेली कळेनाशीच झाली होती, ओलं झाल्यावरच समजायचं. मग तशाच परकरात शाळा सुटेपर्यंत दारात उभं राहायची शिक्षा.

"मास्तर, तुमी सकाळधरनं किती येळा जाऊन आलात?" धोंडाबाईनं उंबऱ्यातूनच विचारलं.

मास्तरांनी टोपी सारखी केली. "बाई, ही शाळा आहे. इथं शिस्त असते."

"शिस्त व्हय? मग तुमीबी बसा सांजपर्यंत दाबून. मी बघते हितं दारात बसून."

पोरं फिदीफिदी हसली.

"आन् तुमी काय दात काढताय रं? येकेकाच्या आयला ईचारू का, कोण कवापर्यंत हातरुण भिजवत हुता?"

हसणं जागच्या जागी विझलं.

खाचरात परतून ती रागारागानं रोपं चिखलात खुपसत होती. खाचरं आगगाडीच्या रुळाला लागून. गाडी जाताना खिडक्यांतून माणसं बघतात, म्हणून लावणीच्या बायकांची एक रीत होती. गाडी गेली रे गेली, की लागली असो नसो, सगळ्यांनी बांधाआड जाऊन यायचं. पुढच्या गाडीपर्यंत निवांत. धोंडाबाईचा हात थांबला. "माझी अक्कल कुटं चरायला गेलती?" ती मोठ्यानं म्हणाली.

संध्याकाळी तिनं कारवीच्या काठ्या तोडल्या, त्यांचा कूड विणला आणि शाळेमागं चार मेढी रोवून आडोसा उभा केला. मास्तर म्हणाले, "सरकारी जागा आहे, परवानगी लागते."

"सरकारला म्हणावं, धोंडाबाईला ईचारायला ये. गाडीचा आवाज हितंबी येतोय. ती गेली की तिघी पोरी उठतील. बोट वर करणार न्हाईत."

मास्तरांनी मान डोलावली, म्हणजे त्यांना डोलवावीच लागली.

अंबूला तिनं एवढंच सांगितलं, "गाडी गेली की जायचं. घाई करायची न्हाई, पुरतं होऊ द्यायचं. आन् पाणी प्यायचं." दप्तरात एक कोरडा परकर गुंडाळून ठेवला. पहिले दोन दिवस तो लागलाच. मग तीन दिवस कोरडे, एक ओला. त्यानंतर सलग आठ दिवस कोरडे गेले.

अवसेला दिवे घासून पाटावर मांडले होते, आणि अंबू ओला परकर घेऊन घरी आली.

शालूबाई उठून चुलीपाशी गेली. तिनं विळा चुलीत सारला. अंबू दाराआड घुसली.

"मुदत सपली, अक्का," हौशीराम म्हणाला.

धोंडाबाई पोरीपाशी बसली. "काय झालं गं?"

"आत्या, गाडीच न्हाई आली. घाटात दरड पडलीया म्हनं. लय लागली हुती मला. पोटात दुखाया लागलं. पर गाडी आली न्हाई म्हणून बसून ऱ्हायले."

धोंडाबाईला स्वतःचाच असा संताप आला, की तिनं कपाळावर हात मारून घेतला. पण दुसऱ्याच क्षणी ती उभी राहिली.

"हौशा, ऐकलंस? लागली हुती म्हणती! हिला कळतच न्हवतं, आज कळलं. बसून ऱ्हायली ती माझ्या सांगण्यानं. डाग द्यायचाच तर मला दे. शिकवण माझी चुकली."

हौशीराम लेकीकडं वळला. "खरंच कळलं हुतं, पोरी?"

अंबूनं मान डोलावली. त्यानं फडक्यात धरून विळा ओढला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. चर्रर्र झालं.

"लाडानं बिघडवा पोरीला," शालूबाई पुटपुटली.

"बिघडू दे," धोंडाबाई म्हणाली, आणि आईशी त्यानंतर दिवाळीपर्यंत बोलली नाही.

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा शाळेच्या दारात. "मास्तर, गाडी गेली की जाईलच. पर मधी लागली तर गाडीची वाट न्हाई आन् तुमचीबी न्हाई. सरळ उठंल."

"अहो, मग सगळीच उठतील!"

"उठू द्या. शाळा काय पळून जाती?"

बेचे पाढे चालू असताना अंबू उठली. वर्गाकडं न बघता बाहेर गेली. ती परत येऊन जागेवर बसेपर्यंत धोंडाबाई कमरेवर हात ठेवून एकेका पोराच्या तोंडाकडं बघत उभी होती. पाढ्यांचा आवाज उगाचच मोठा झाला.