आणि त्याची पत्नी

मार्गारेटबाई कबरस्तानात जाताना काखेत आरसा घेऊन जायच्या. कपाटाच्या दारातून काढलेला, जवळजवळ त्यांच्याच उंचीचा. आम्ही अमेरिकेत वेस्ट विंडसरला राहायला आलो तेव्हा या शेजारीणबाई पहिल्यांदा दारात आल्या, त्या काही केकबिक घेऊन नव्हे. "तू उंच आहेस. आरसा धरता येतो का?" एवढंच विचारलं.

"घरातला बल्ब बदला म्हटलं की तुमची पाठ धरते," आमची ही आतून म्हणाली. "जा आता, आरसा धरा."

गेलो. जुन्या चर्चमागच्या एका झिजलेल्या थडग्यावर आरशाने ऊन तिरकं पाडायचं, एवढंच काम. सपाट दिसणाऱ्या दगडावर बारीक सावल्या धरतात आणि अक्षरं वर येतात. ती पहिल्यांदा वर आली तेव्हा मी वाचायला पुढे वाकलो, आरसा हलला, अक्षरं गडप.

"हलू नकोस, अवी," बाई म्हणाल्या. "मेलेली माणसं लाजाळू असतात. लगेच आत जातात."

तो दगड विल्यमचा, त्यांच्या घराण्यातल्या इकडे आलेल्या पहिल्या पुरुषाचा. मंडळी मूळची स्कॉटलंडची. काही पिढ्या आयर्लंडच्या उत्तरेला काढल्या आणि इथे इंग्लंडच्या राजाचा अंमल होता तेव्हा जहाजाने आली. "आयर्लंडात आम्ही स्कॉच आणि इथे आयरिश," बाई म्हणायच्या. "कुठेच घरचे नाही. तुला हे मी काय समजवायचं?" पुण्यात अमेरिकावाला आणि अमेरिकेत इंडियन असलेला मी आरसा धरून उभा.

विल्यमचं नाव, गाव, सगळं वाचता येई. शेवटची ओळ होती 'आणि त्याची पत्नी'. पुढचं मातीत. दगड खचलेला, तडकलेला. म्हणून चर्च उकरू देत नव्हतं. जुनी कागदपत्रं कधीच जळून गेलेली. बाईंनी लग्न केलं नव्हतं, घराण्यात त्या शेवटच्या. मरायच्या आधी त्यांना त्या बाईचं नाव हवं होतं. "कदाचित हे नाक तिचं असेल, अवी. आणि मला तिला हाक मारता येत नाही."

एकदा त्यांनी सहज विचारलं, "तुझ्या आजीचं नाव काय?"

"लक्ष्मी."

"आणि लग्नाआधीचं?"

ते मला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नावसुद्धा बदलायचे. घरी येऊन नागपूरच्या आत्याला फोन लावला.

"आईचं माहेरचं नाव? कोण जाणे रे! कधी कोणी विचारलंच नाही. तुला तिकडे ऑफिसात काही काम नाही का?"

ऑफिसात मी हरवलेला डेटा शोधून देण्याचा पगार घेतो. त्यानंतर मात्र दाढी करताना वाटायचं, माझ्या भुवयांखालून कोणीतरी बाहेर बघतंय आणि हाकेची वाट पाहतंय.

अखेर चर्चने कारागीर बोलावून दगड उचलून नीट बसवायचं ठरवलं. त्या सकाळी बाई ठेवणीतला निळा कोट घालून आल्या. दगड वर आला, माती पुसली, मी ऊन पाडलं. 'आणि त्याची पत्नी'च्या खाली काही नव्हतं. झिजलं नव्हतं, कोरलंच नव्हतं. मी आरसा उजवीकडून धरला, डावीकडून धरला. एक अक्षर उठेना.

बाईंनी त्या कोऱ्या जागेवरून हात फिरवला, अंधारात कुणाचा चेहरा चाचपावा तसा. "आणि मी इतकी वर्षं मातीला दोष देत होते," म्हणाल्या.

पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्याआधी स्वतःचा दगड करून घेतला होता, पूर्ण नाव, बोट रुतेल इतकं खोल. तो वाचायला आरसा लागत नाही.

आरसा मला ठेवून गेल्या. आमच्या जिन्यापाशी टेकवलाय. दुपार कलली की त्यातून उन्हाची तिरीप समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडते आणि मी चहाचा कप घेऊन तिथे उभा राहतो.

"बाबा, व्हॉट आर यू लुकिंग अ‍ॅट?" लेक विचारते.

"रंग द्यायला झालाय का?" ही विचारते.

"हलू नका जरा," मी म्हणतो. "ती आत जाईल."