कोठीच्या तळाशी

समजा, दीड क्विंटल गव्हाने भरलेली पत्र्याची कोठी तुम्हाला उपसायची आहे. एकटीने, आणि घाईने. वरचा गहू परातीने निघतो. निम्म्याखाली हात पोचत नाही, मग स्टुलावर चढून कमरेतून आत वाकावं लागतं. किडे लागू नयेत म्हणून गव्हाला एरंडेल चोळलेलं असतं, ते कोपरापर्यंत चिकटतं. तळाशी एक वस्तू आहे. ती हाती आली तर परवा तुम्ही तुमच्या आईजवळ असाल.

निलमिनीने हे काम पाऊण तासात केलं. मागच्या सप्टेंबरात.

निलमिनी श्रीलंकेतल्या अनुराधपूरजवळच्या एका खेड्यातली. दुबईच्या हॉटेलात आमच्या गल्लीतला अनुप आणि ती सोबत कामाला होते, तिथेच जमलं. दोन्ही घरं बौद्ध, त्यामुळे लग्नाला कुणी फार आडवं आलं नाही. मुलगी झाल्यावर अनुप दोघींना वाशीमला आईजवळ ठेवून परत दुबईला गेला. त्याला सहा वर्षं झाली. तिची मराठी सासूकडून आलेली, म्हणून ती बँकेतल्या मॅडमलाही "मले पासबुक पायजे" असंच म्हणते. सिंहली बोलायला मात्र फोनवरची अम्मा तेवढी एकच. मुलगी धम्मदीपा सिंहलीतलं समजते, उत्तर वऱ्हाडीत देते.

भाजीत रोज नारळ लागतो म्हणून ती बाजारात जायची, तर नारळवाला विचारायचा, "रोज रोज कोन्ता नवस फेडून राह्यली, बाई?" शेजारची रंगूबाई ओट्यावरून हाक मारायची, "काय वं लंकेवाले, मायेराले जायाचा पूल झाला का नाही?"

"झाला असता मावशी, ठेकेदारच पयून गेला!"

सगळे हसायचे. सासू गंगूबाई हसायची नाही. माहेरी जायचं नाव निघालं की ती एवढंच म्हणायची, "जाशीन त जाय. पन पोरीले घेऊन वापस येशीन ना?"

त्या सकाळी सात वाजता निलमिनीच्या भावाचा फोन आला. अम्माला अर्धांगाचा झटका आला होता. डॉक्टरांनी दोन-तीन दिवस सांगितले होते. अम्मा दाराकडे बघत पडून होती. अनुपने तिकडून दुसऱ्या दिवसाचं नागपूरहून तिकीट काढलं. निलमिनीने कपाट उघडलं, तर पिशवीत पासपोर्ट नव्हता.

गाद्या उलटल्या. ट्रंका रिकाम्या केल्या. बुद्धमूर्तीमागचा कप्पा पाहिला. गंगूबाईही सोबत शोधत होती, उशांच्या खोळी काढून झटकत होती. अकरा वाजता ती मधल्या खोलीत खाली बसली.

"कोठीत हाये," ती म्हणाली. "तयाशी. मे मधी गहू भरला तवा ठेवला."

आमच्याकडे यात नवल नाही. चोराला कपाट माहीत असतं, कोठी उपसायला त्याला वेळ नसतो. गंगूबाईचं डोरलं आणि प्लॉटचे कागद वर्षानुवर्षं गव्हाखाली राहिले होते, पण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. पासपोर्ट तिने जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला होता. चार महिने ते फडकं तेल पीत राहिलं.

भज्यांच्या कागदासारखी पानं आरपार दिसत होती. फोटोच्या पानाचं प्लास्टिक सुटून आत तेल शिरलं होतं, चेहऱ्याच्या जागी पिवळा डाग. आम्ही शेजाऱ्यांनी टिपकागद लावले, टाल्कम पावडर टाकली, वजनाखाली दाबून ठेवला. डाग थोडा पसरला, एवढंच.

तरी ती नागपूरला गेली. विमानतळावरच्या मुलीने पासपोर्ट यंत्रात तीनदा घालून पाहिला आणि मान हलवली.

"मॅडम, हे मीच हावो," निलमिनी म्हणाली. "पाहा ना माह्याकडे."

मुलीने पाहिलं. पण तिचं पाहणं चालत नव्हतं.

प्रवासाच्या तात्पुरत्या कागदासाठी मुंबईतल्या श्रीलंकेच्या वकिलातीचा अर्ज मी मोबाइलवर भरत होतो, तेव्हा तिसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. अम्मा गेली होती. अंत्यविधी निलमिनीने फोनवर पाहिला. रिकाम्या कोठीला टेकून. गहू अजून चादरीवर तसाच पसरलेला होता. मध्येच चित्र अडकलं, आणि पुन्हा चालू झालं तेव्हा धूर निघत होता.

आता घरात रोज सकाळी गंगूबाई स्वतः नारळ खवते. सुनेचं ताट वाढल्याशिवाय जेवत नाही. दोघींत भांडण झालं नाही. नवा पासपोर्ट आला आहे, तो निलमिनीच्या उशीच्या खोळीत असतो. जायचं कुणाकडे, म्हणून कोरा.

परवा तिच्या इथे राहण्याच्या व्हिसाची मुदत वाढवायचा फॉर्म भरताना तिने मला थांबवलं. आत गंगूबाई नारळ खवत होती, त्याचा आवाज येत होता.

"ठेवला, ते समजते मले," ती हळू बोलली. "त्याइची रीतच हाये. पन सातपासून अकरा वाजेलोक माह्यासंग गाद्या उलट्या करून राह्यल्या होत्या. भाऊ, त्या इसरल्या होत्या, का मी वापस येनार नाही म्हून भेल्या होत्या?"