बशीतला सौदा

आदिलाबादच्या भाजी मार्केटात देवानंद गुरनुलेच्या दुकानात मागच्या भिंतीला एक लोखंडी खुर्ची असायची. नऊ वर्षांपूर्वी त्याने ती वेल्डिंगवाल्याकडून मुद्दाम करून घेतली होती, कारण प्लास्टिकच्या तीन खुर्च्यांनी त्याच्याखाली प्राण सोडले होते. तेव्हा तो एकशे एकेचाळीस किलोचा होता. दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचून घ्यायचा आणि पायाची नखं बायकोकडून, रंजीताकडून, कापून घ्यायचा. मार्केट त्याला समोर 'देवाशेठ' म्हणायचं आणि पाठ वळली की 'कोहळं'.

मग हैदराबादला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवली. दीड वर्षात माणूस चौऱ्याऐंशीवर आला, इन्सुलिन सुटलं, आणि एके सकाळी त्याने उकिडवं बसून आपली नखं आपणच कापली. रंजीता दारात उभी राहून ते बघत रडली. मार्केटात मात्र त्याने थाप मारली की रोज पायी चालून वजन उतरवलं. पोट कापून घेतलं हे सांगायची त्याला लाज वाटायची. खुर्चीवर मिरचीची पोती चढली.

ऑपरेशन झालं की गंगेत घोडं न्हालं असं सगळ्यांनाच वाटतं. पण पोट कापता येतं, सवयी कापता येत नाहीत. सहाव्या वर्षी पँट कमरेत आवळू लागली. आठव्या वर्षी काट्याने सत्त्याण्णव दाखवले आणि उपाशीपोटीची साखर पुन्हा वर सरकली. वर्षाची तपासणी त्याने दोनदा टाळली. कोणत्या तोंडाने जायचं?

त्याहून जाचक होता रंजीताचा संशय. घरी तो वाटीने मोजून जेवायचा: अर्धी भाकर, वाटीभर वरण, एखादं अंडं. मग हे तेरा किलो आले कुठून? कुठेतरी पाणी मुरतंय, हा बाहेर भजी हाणतो, असं तिने ठरवून टाकलं. त्याने कुलदैवताची शपथ घेतली. तिने ती ऐकली, पण विश्वास ठेवला नाही, आणि हे त्याला फार लागलं.

शेवटी तीच त्याला ओढून हैदराबादला घेऊन गेली. तिथे आहाराचं बघणारी जान्हवी मंचेरियलची, मराठी घरातली. भाषेआड लपायचीही सोय नव्हती. देवानंदने आठवडाभराचं खाणं वहीत लिहून आणलं होतं. तिने वही दोनदा वाचली आणि म्हणाली की एवढ्यावर कोणी जाड होत नाही. मग सहज विचारलं, उपास करता का? तो म्हणाला, शनिवारचा करतो.

"मग शनिवारी काय घेता?"

"काही नाही. नुसता चहा."

"किती वेळा?"

देवानंद बोटं मोजू लागला. दोन्ही हातांची बोटं संपली आणि त्याचा चेहरा उतरला.

त्या मार्केटात सौदा ठरला की एक चहा येतो. कप माल आणणाऱ्याचा, बशी घेणाऱ्याची. दोघांनी तोंडाला लावलं की भाव पक्का; मग कोणी फिरायचं नाही. दिवसाला सोळा-सतरा सौदे, म्हणजे तितक्याच बश्या, आणि चहा पाकासारखा गोड. आपल्याकडे चहाने उपास मोडत नाही, तर त्याला खाणं कोण म्हणणार? म्हणूनच तो वहीत आला नव्हता. जान्हवीने हिशेब सांगितला: दिवसाला अर्धी वाटी साखर. हेही सांगितलं की काही वर्षांनी थोडं वजन बऱ्याच जणांचं परत येतं, तो काही गुन्हा नाही. पण जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर आणि तपासणी दरवर्षी.

बाहेर आल्यावर रंजीताने त्याच्या हातातली वही घेऊन पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "मी उगाच बोलली तुमाले." देवानंदच्या छातीवरचा दगड उतरला.

गोळ्या सुरू झाल्या, चालणंही खरोखरचं सुरू झालं. अडलं ते बशीपाशी. बशी नाकारणं म्हणजे माल नाकारणं. बिनसाखरेचा मागवावा, तर कपही त्याच चहाचा. पहाटे उठून टोपली घेऊन आलेल्या माणसाला अगोड चहा कोण पाजणार? आणि पहिलीच गाठ नार्नूरकडच्या राहीबाईशी होती. वीस वर्षं ती वांगी त्यालाच घालायची आणि तिचा राग मार्केटभर ठाऊक होता.

भाव ठरला. चहा आला. देवानंदने बशीला हात लावला नाही. आजूबाजूचे दोघं-तिघं बघू लागले.

"काऊन भाऊ? भाव पटला नाई का?"

पित्ताचा बहाणा त्याने तयार ठेवला होता, पण तिच्या तोंडाकडे बघून तो जिभेवर येईना.

"पटला, मावशी. पण ह्या बशीनं माझं वजन वाढून राह्यलं. साखर वापस आली. मी पायी चालून नाई उतरलो. पोट कापलं होतं माझं. मले पुन्हा त्या खुर्चीत नाई बसाचं."

राहीबाई शांतपणे म्हणाली, "मालूम हाय मले. चालून कोणी एवढा वाळते का? मी तं जलमभर चालून राह्यली."

तिच्या भल्याथोरल्या देहाकडे बघून सगळे हसले, देवानंदही. तिने कप संपवला, बशीही स्वतःच पिऊन टाकली, ती विसळली, आपल्या बाटलीतलं पाणी तिच्यात ओतलं आणि त्याच्यापुढे धरली.

"बशी तं तुमचीच हाय. प्या."

देवानंदने ती दोन्ही हातांनी घेतली आणि पाणी प्यायला. डोळे भरून आले ते त्याने लपवले नाहीत. वांग्यांचा भाव पक्का झाला, आणि राहीबाईला चालतं म्हटल्यावर दुसऱ्या कोणाची हरकत घ्यायची छाती नव्हती.

आता वजन नव्वदवर आहे. चौऱ्याऐंशी पुन्हा दिसतीलच असं नाही, पण साखर खाली आली आहे आणि इन्सुलिन लांबच आहे. मिरचीची पोती जमिनीवर आली. राहीबाईचे गुडघे दुखतात म्हणून लोखंडी खुर्ची दुकानापुढे मांडलेली असते. ती वर ऐसपैस बसून भावासाठी भांडते, आणि देवानंद समोर उकिडवा बसून, पाण्याची बशी हातात धरून, तिचं ऐकून घेतो.