एका खोलीत न बसणारी माणसं

मॅनेजरने माझ्या हातांवर फवारा मारायला लावला.

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातलं गोदाम. सकाळची शिफ्ट सुरू होण्याआधीची मीटिंग. आम्ही चाळीसेक जण ओळीत उभे. तो फवारा फरशी पुसायच्या औषधाचा होता. आधी माझ्या खुर्चीवर मारला. मग माझ्या स्कॅनरवर. मग तो म्हणाला, "हातावर पण."

मारणारी शकीलाबी होती, आमच्याकडे साफसफाई करायची. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. मी हात पुढे केले, तळवे वर. शाळेत छडी खायला धरतात तसे.

"सगळ्यांनी ऐका," मॅनेजर म्हणाला. "हिच्यापासून लांब राहायचं. खोकला आला की हिने बाहेर जायचं. डबा पण बाहेरच खायचा."

आदल्या दिवशी मीच त्याला डॉक्टरांचा कागद दिला होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, हा टीबी नाही. जन्मापासूनचा आजार आहे, सोबत काम करणाऱ्या निरोगी माणसाला यातून काही होत नाही. त्याने तो वाचला होता. इंग्रजी त्याला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

मी काय म्हणाले? "हो सर." एवढंच.

त्या दिवसापासून मी डबा मागच्या बाजूला खायला लागले, उभ्या कंटेनरच्या चाकांशेजारी. जेवताना मला कॅप्सूल घ्याव्या लागतात, नाहीतर खाल्लेलं अंगाला लागत नाही. त्या मी मुठीत लपवून गिळायचे. बघायला कोणी नव्हतं, तरी.

माझ्या आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होतो, त्यात जंतू घर करतात. घामात मीठ जास्त उतरतं. आम्ही आगरी. आई माझा मुका घ्यायची आणि म्हणायची, "पोरीचा कपाल खारट लागतं. तिच्या भावाचा पन असाच लागायचा." तो भाऊ मी जन्मायच्या आधी गेला, चार वर्षांचा होऊन. कशाने गेला ते घरात कोणाला कळलं नाही. मला दोनदा टीबीची औषधं झाली. एकोणिसाव्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात घामाची तपासणी केली, तेव्हा खरं नाव कळलं.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी शिकाऊ मुलांना माझ्या कॉटभोवती उभं केलं. मला न विचारता गाऊन वर केला, बरगड्या दाखवल्या. म्हणाले, "नीट बघून घ्या. हा लहान मुलांचा आजार आहे. यातले मोठे सहसा बघायला मिळत नाहीत." मी तिथेच पडले होते. मला ऐकू येत होतं.

तेव्हापासून मी घाबरलेली आहे. म्हणजे कशी, ते सांगते. खोकला येतो. रुमाल तोंडाला लावते. मग रुमाल उघडायच्या आधीचा तो एक क्षण. लाल असेल का? असा क्षण दिवसातून कितीतरी वेळा येतो. जेवताना, रिक्षात, बोलता बोलता. दोनदा खरंच लाल होतं.

तपासणीला मला लहान मुलांच्या ओपीडीतच जावं लागायचं. मोठ्यांसाठी वेगळी नव्हतीच. गुडघ्याएवढी बाकं, भिंतीवर रंगवलेले ससे. फवाऱ्याच्या त्या सकाळनंतर महिन्याभराने तिथे कोपऱ्यात एक दाढीवाला माणूस दिसला. खोकत होता. तो खोकला मी ओळखला. मोठा माणूस आणि तोच खोकला. मी खोकतच उठून त्याच्याकडे निघाले.

त्याने हात वर केला. "तिथंच थांबा. जवळ येऊ नका."

इथेही तेच. मी वळले, तेव्हा तो घाईने बोलला, "ताई, गैरसमज करू नका. तुमच्या छातीतले जंतू माझ्यात आले तर मी जाईन. माझे तुमच्यात आले तर तुम्ही. बाकीच्यांना आपल्यापासून धोका नाही. आपल्याला एकमेकांपासून आहे."

सात वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला एकाच बाकावर पाठोपाठ बसवत होते. मला लांब उभं करणारी माणसं खूप भेटली होती. मी जगावी म्हणून लांब उभं करणारा हा पहिला.

त्याचं नाव अब्रार. भिवंडीचाच निघाला. कोकणी मुसलमान, वडिलांचे कापडाचे लूम. तो स्वतः धामणकर नाक्याजवळ कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. शेअर रिक्षाने माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. त्या दिवसानंतर आम्ही समोरासमोर कधीच भेटलो नाही.

आमची संघटना अशी सुरू झाली. दोन फोन. मग अब्रारभाईंनी ओपीडीतल्या सिस्टरकडे आपला नंबर ठेवला. अठराच्या वरचं कोणी आलं तर द्या म्हणाले. तीन झालो, पाच झालो, नऊ झालो. दर रविवारी छातीतला कफ मोकळा करून झाला की व्हिडिओ कॉल. कॅप्सूल कुठल्या मेडिकलात मिळतात. वाफेच्या मशीनची औषधाची वाटी किती वेळ उकळायची. लग्न ठरताना सांगायचं की नाही. कामावर काय सांगता, असं एकाने विचारलं. मग एकेकाने आपापलं खोटं सांगितलं. दमा. ॲलर्जी. धूळ. मी फवाऱ्याचं सांगितलं. पहिल्यांदाच, कोणालाही.

नियम एकच होता, अब्रारभाईंनी घातलेला. कोणी कोणाच्या घरी जायचं नाही. लग्नाला नाही, मयतालाही नाही.

मयताचं मला तेव्हा उगाच वाटलं होतं. मग पडघ्याची उज्ज्वला गेली. तेवीस वर्षांची, आमच्यात सगळ्यात लहान, कॉलवर सारखी काहीतरी खात बसायची. एका रविवारी तिच्या फोनवरून तिची आई समोर आली. म्हणाली, "ती गेली परवा. तुमच्यातलं कोणी येणार हाय का?"

कोणी जाऊ शकत नव्हतं. सगळे दहाव्याला एकत्र जमलो असतो तर आणखी एखादं मयत झालं असतं. अब्रारभाईंनी त्या माऊलीला हे समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली. स्क्रीनवर आम्ही आठ चौकोन. प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच हिशेब, आता कोण? मीही तोच करत होते. त्याची मला अजून लाज वाटते.

पंधरा दिवसांनी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार. तब्येतीमुळे स्वखुशीने नोकरी सोडत आहे. खाली माझं नाव. त्याने पेन माझ्याकडे सरकवलं. लांबूनच, काठीने सरकवावं तसं, फाइलच्या टोकाने.

खोकला घशाशी आला होता. बाहेर जायचा नियम होता. मी गेले नाही. तिथेच, त्याच्यासमोर, रुमालात खोकले. पूर्ण होईपर्यंत खोकले. तो खुर्चीसकट मागे सरकला.

मग मी म्हणाले, "स्वखुशीने नाही. तुम्हाला काढायचं तर काढा. का काढलं ते या कागदावर लिहा आणि खाली तुमची सही करा."

त्याने लिहिलं नाही. पुढच्या महिन्यात, ज्याच्यामार्फत मी तिथे लागले होते त्या ठेकेदाराने काम कमी आहे सांगून मला बंद केलं. नोकरी गेली. सही गेली नाही. आता घरून डेटा एन्ट्री करते. अब्रारभाई घरीच ऑक्सिजनवर आहेत. सलग दोन वाक्यं बोलवत नाहीत. संघटनेचं काम माझ्याकडे आलं आहे. ओपीडीतून आणखी तिघं आमच्यात आली आहेत.

मोठ्यांची ओपीडी वेगळी करा, बाकं पुसा, वेळा वेगळ्या द्या, असा अर्ज घेऊन गेलं की हॉस्पिटलवाले विचारतात, तुम्ही कोण? म्हणून संस्थेची नोंदणी करायची. त्याला सात जणांच्या सह्या लागतात. कार्यालयातले साहेब म्हणाले, सातही जण एकाच दिवशी माझ्यासमोर आणा. मी आजार समजावला. ते हसले.

"संस्था काढता आणि एका खोलीत बसत नाही? मग संस्था कसली?"

"साहेब, एका खोलीत बसलो तर सातातले किती उरतील ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "सात दिवस सात जण येतील. रोज एक. तुम्ही खिडकी उघडी ठेवा."

फाइल त्यांनी बाजूला टाकली. बाहेरच्या जिन्यावर मला श्वास पुरेना, मी बराच वेळ कठडा धरून बसले. भीती गेलेली नाही. जाणारही नाही, ती माझ्या छातीतच राहते. पण सोमवारी मी परत त्या टेबलासमोर उभी राहणार आहे. मंगळवारी आमच्यातला दुसरा उभा राहील, बुधवारी तिसरा. साहेबांनी एकेकाचा खोकला ऐकायचा आहे. सातही जणांचा. मधे कोणी गेलं, तर त्याच्या जागी आठवा येईल.