पाचव्या मजल्यावरची लिफ्ट

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. एकोणतीस वर्षं झाली. इमारतीत सगळे त्यांना ‘थांबाकाका’ म्हणतात, कारण कुणी काही ठामपणे बोललं की ह्यांचा हात वर. “थांबा. हे तुम्हाला माहीत आहे, की तसं वाटतंय?” शेजाऱ्यांना गंमत वाटते. त्यांचं काय जातंय, संसार मला करायचाय!

हे खूळ आलं वाचनालयातून. दर गुरुवारी तिथे पाच-सहा जण एका निवृत्त प्राध्यापकांभोवती बसतात आणि दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वादांचा कीस काढतात. ज्ञान कशाला म्हणायचं, चांगुलपणा शिकवता येतो का, चांगलं जगणं म्हणजे काय. बाकीचे चहा पितात आणि घरी जाऊन विसरतात. आमच्या ह्यांनी ते अंगाला लावून घेतलं. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तर म्हणे, “मला तरी बरोबर वाटतंय.” मी एकदा सासूबाईंकडे गाऱ्हाणं केलं. त्या म्हणाल्या, “पुस्तकांना कशाला बोल लावतेस? लहानपणी हा सराईत खोटारडा होता. मीच छडीनं सरळ केलाय.”

मग आमच्याच इमारतीची लिफ्ट बिघडली. पाचव्या मजल्यावर, म्हणजे आमच्याच दारात, ती कधीतरी फरशीच्या चार बोटं खाली थांबायची. ह्यांनी ती बंद केली, ब्रेक उघडला, साफ केला, परत बसवला. पण त्याआधीच बिघाड आपोआप नाहीसा झाला होता. कंपनीचे साहेब येऊन चाळीस फेऱ्या मारून गेले आणि म्हणाले, “ठणठणीत आहे, सही करा.” ह्यांनी तपासणीच्या कागदावर ‘कारण माहीत नाही’ असं लिहिलं आणि लिफ्ट बंदच ठेवून किल्ली खिशात घातली.

तीन आठवडे! पाणी, भाजी, गॅसची टाकी, सगळं जिन्यानं. मी म्हटलं, “अहो, सद्गुण तुमचा आणि पायऱ्या आमच्या, हा कुठला न्याय?”

“ती चालते हे मला माहीत आहे,” हे म्हणाले. “पडणार नाही हे माहीत नाही.”

पायऱ्यांचं मी सहन केलं असतं. सासूबाईंचं बघवेना. त्यांचे गुडघे गेलेले, डॉक्टरांनी जिना बंद केलेला. रोज सकाळी लिफ्टनं खाली जाऊन तळमजल्यावरच्या मैत्रिणीशेजारी बाकावर बसायचं, एवढंच त्यांचं सुख. ती मैत्रीण हृदयाची रुग्ण, तिला वर चढता येत नाही, आणि फोनवर ऐकू येत नाही. रविवारी सकाळी तिची लेक तिला कायमची दूरच्या गावी घेऊन जाणार होती. सासूबाई शुक्रवारपासून माझ्या मागे लागल्या होत्या, “त्याला सांग गं, एकदाच खाली ने.” खुर्चीत बसवून उतरवतो म्हटलं, तर खुर्चीची त्यांना धडकी भरायची.

रविवारी हे आंघोळीला गेले, तशी मी त्यांच्या खिशातली किल्ली काढली. हो, काढली. लिफ्ट चालू केली. दार उघडलं, आतला दिवा लागला. फरशी अगदी बरोबर. सासूबाई इस्त्रीचे कपडे घालून काठी टेकत उंबऱ्याशी आल्या आणि तिथेच थांबल्या.

“बसा ना, आई!”

“त्याला विचारू दे.”

हे ओल्या केसांनीच बाहेर आले. माझ्या हातातली किल्ली पाहिली. सासूबाई म्हणाल्या, “तू नुसतं ‘बस’ म्हण. मी बसते.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला. माझ्या मनात आलं, म्हणा हो, एक शब्द, एक फेरी! ह्यांचे ओठ हलले. “आई, मला माहीत नाही.”

सासूबाई वळल्या आणि सरळ जिन्याकडे निघाल्या. बसून बसून, एकेक पायरी, एका बाजूनं हे, दुसऱ्या बाजूनं मी. ह्यांनी वरून ओरडून थांबायला सांगितलं, पण गाडी कुठली ऐकतेय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो, तेव्हा गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग फाटक लागल्याचा.

सासूबाई तिथेच पायरीवर बसून राहिल्या. म्हणाल्या, “एवढंसं खोटं बोलला असतास, तर मी बसले असते.”

“म्हणूनच नाही बोललो,” हे म्हणाले.

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

“कळतं रे मला,” सासूबाई म्हणाल्या. “पण ती गेली ना.”